इमारतीआधीची इमारत

सातपुड्याच्या पायथ्याशी, सौसर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी रामाकोना नावाचे गाव आहे. २०२३ सालापर्यंत ते छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षी पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि रामाकोना त्यात गेले. राज्य मध्यप्रदेश असले, तरी या मुलखाची बोली मराठी, शेती संत्र्याची व कापसाची आणि मोठ्या बाजाराची ओढ नागपूरकडे. १९१३ च्या सुमारास बंगाल-नागपूर रेल्वेचा नागपूर-छिंदवाडा मार्ग येथून गेला. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. तरी या लहानशा गाडीने सुमारे शंभर वर्षे येथील माणसांची व मालाची ने-आण केली. २०१५ साली ती बंद झाली आणि त्याच वाटेने रुंद रूळ टाकण्यात आले.

पठारावरून मैदानात उतरणारा असा मार्ग म्हटला, की त्यावर नद्या आल्या, नाले आले, म्हणून पूल व मोऱ्याही आल्या. पुलावरून जाणाऱ्याला पूल दिसतो. त्याचा दगड दिसतो, लोखंड दिसते, कोठे बांधणीचे साल कोरलेले असेल तर तेही वाचता येते. परंतु उंच खांबांचा कोणताही पूल घ्या. त्याच्या आधी त्या ठिकाणी दुसरे एक बांधकाम उभे राहून गेलेले असते. ते बल्ल्यांचे, बांबूंचे, फळ्यांचे व दोरांचे असते. त्यावर उभा राहूनच गवंडी पहिल्या थरावर दुसरा थर चढवतो. काम संपले, की ते उतरवले जाते, लाकूड पुढच्या कामावर जाते किंवा चुलीत जाते. त्याचे नाव कोणत्याही शिळेवर कोरले जात नाही. या इमारतीआधीच्या इमारतीला मराठीत परांची म्हणतात; कोणी पहाड म्हणतात. तिच्या जोडीला जड वस्तू वर चढवण्याची दोर-कप्पीची विद्या असते. बांधकामाचा इतिहास सांगताना या दोन गोष्टींचा उल्लेख सहसा येत नाही. वस्तुतः माणसे मेली ती बहुधा याच दोन ठिकाणी, आणि वाचली तीही येथेच घेतलेल्या काळजीमुळे.

परांचीचा प्रश्न किती जुना आहे, हे जुन्या भिंती सांगतात. जुन्या किल्ल्यांच्या व वाड्यांच्या भिंतींत ओळीने, ठरावीक अंतरावर, लहान चौकोनी भोके दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, ती पाखरांसाठी किंवा बंदुकीसाठी असावीत. पुष्कळदा ती परांचीची असतात. भिंत वर चढत असता आडव्या बल्लीचे एक टोक भिंतीत आणि दुसरे उभ्या बल्लीला बांधलेले, अशी ही जुनी रीत होती. काम झाल्यावर बल्ली ओढून काढीत. भोक कधी बुजवीत, कधी तसेच ठेवीत. पुढे डागडुजीची वेळ आली, तर त्याच भोकांत पुन्हा बल्ल्या बसत. भिंत बांधणाऱ्याने आपल्यानंतर येणाऱ्या कारागिराची ही सोय करून ठेवलेली असे.

या प्रश्नाचे सर्वांत धाडसी उत्तर महाराष्ट्रात सापडते. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकातले. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी ते जोडले जाते. सुमारे शंभर फूट उंचीचे हे मंदिर जमिनीवरून वर बांधत नेले असते, तर त्याला परांचीचे केवढे जंगल लागले असते! परंतु येथे कारागिरांनी कामाचा क्रमच उलटा केला. डोंगराच्या माथ्यावरून त्यांनी तीन बाजूंनी चर खोदले, मधला खडक सुटा केला आणि मग शिखरापासून पायाकडे कोरत ते खाली आले. जो खडक अजून कोरायचा होता, त्यावरच उभे राहून त्यांनी वरचा भाग कोरला. डोंगर हीच त्यांची परांची होती आणि काम पुढे जाई तसतशी ती आपोआप उतरत होती. उंचावर माणूस कोठे उभा राहील, हे आधी ठरवून मग बाकीचा आराखडा त्याभोवती रचावा, हा धडा बाराशे वर्षांपूर्वी त्या खडकात कोरला गेला आहे.

प्रत्येक कामाला असा डोंगर मिळत नाही. दगड खालून वर न्यावाच लागतो आणि तेथे दोर व कप्पी यांचे राज्य सुरू होते. जड वस्तू चढवण्याचे काम नीट योजून कसे करावे, याचे एक प्रसिद्ध उदाहरण रोम शहरातले आहे. १५८६ साली पाचवे सिक्स्टस हे पोप असताना, ईजिप्तमधून प्राचीन काळी आणलेला एक अखंड दगडी स्तंभ सेंट पीटर मंदिरासमोरच्या चौकात हलवायचे ठरले. उंची सुमारे ८३ फूट, वजन तीनशे टनांहून अधिक. हे काम होणार नाही, असे जाणत्या लोकांचे मत होते. डोमेनिको फोंताना या वास्तुविशारदाने ते पत्करले. त्याने प्रथम त्या दगडाच्या एका लहान घनाचे वजन काढले आणि त्यावरून साऱ्या स्तंभाचे वजन हिशेबाने ठरवले. मग एक दोर-चरक किती भार ओढू शकेल, याचा अंदाज घेऊन तसे चाळीस चरक लागतील, असे त्याने मांडले. स्तंभाभोवती त्याने जाड तुळयांचा एक प्रचंड मनोराच उभा केला. १० सप्टेंबर १५८६ रोजी शेकडो माणसे व सुमारे १४० घोडे यांच्या बळावर स्तंभ नव्या जागी उभा राहिला.

या कामातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे फोंतानाने घातलेली शिस्त. चाळीस चरकांपैकी एकानेही इतरांआधी ओढ घेतली असती, तर भार वाकडा होऊन दोर तुटले असते. म्हणून त्याने खुणा ठरवल्या: तुतारी वाजली की ओढायचे, घंटा वाजली की थांबायचे. मध्ये कोणी बोलायचे नाही. दोर तापून तुटायच्या बेतात आले असता एक खलाशी आज्ञा मोडून "दोरांवर पाणी ओता" असे ओरडला आणि काम वाचले, अशी एक आख्यायिका या प्रसंगाला जोडलेली आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्यांना दोराचे मर्म कोणाला ठाऊक असते, हे माहीत होते. तागाचा दोर भिजला की आखडतो आणि ताठ होतो, हे जहाजावर आयुष्य काढलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

आपल्याकडेही ही विद्या बंदरावरून जमिनीवर आली, याची साक्ष एक शब्द देतो. रेल्वेच्या व मोठ्या बांधकामांच्या जागी जड सामान दोर-कप्पीने चढवणाऱ्या माणसाला खलाशी म्हणतात. समुद्र शेकडो मैल दूर असला, तरी नाव तेच. गाठ मारणे, डोलकाठी उभी करणे, तिच्या टोकाला कप्पी लावून भार तोलणे, ही शिडाच्या जहाजावरची कामे. तीच पुढे पुलाचा तुळवा चढवताना आणि यंत्र बसवताना उपयोगी पडली.

खलाशाच्या या विद्येला गणिताचा आधार आहे आणि तो समजून घ्यायला फारसे शिक्षण लागत नाही. कप्पीतून दोराचे चार पदर खेळवले, तर घर्षण सोडून ओढ चौथा हिस्सा लागते. मात्र दोर चौपट ओढावा लागतो. हे पुष्कळांना ठाऊक असते. दुसरी गोष्ट तितकी ठाऊक नसते आणि घात तिथेच होतो. एक टन वजनाचा दगड दोन बाजूंना दोन दोर बांधून वरच्या एका आकड्याला लटकवला आहे, असे धरा. दोर जवळजवळ उभे असतील, तर प्रत्येकावर अर्ध्या टनाचा ताण येतो. ते तिरके होत जमिनीशी ४५ अंशांचा कोन करू लागले, तर प्रत्येकावर सुमारे सातशे किलोंचा ताण येतो. कोन ३० अंशांवर आला, तर प्रत्येक दोर पूर्ण एक टन पेलत असतो. दगड तोच, दोर तोच. केवळ दोर आखूड घेतल्याने ताण दुप्पट झाला. काल ज्या दोराने हाच दगड सुखरूप चढवला, तो आज का तुटला, असा प्रश्न पडतो, त्याचे उत्तर पुष्कळदा या कोनात असते.

महाराष्ट्रात या दोन्ही विद्यांची खरी कसोटी लागली ती बोरघाटात. मुंबई-पुणे रेल्वेसाठी १८५६ साली घाटाचे काम सुरू झाले आणि १८६३ साली संपले. सुमारे सोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, ८ मोठे कमानी पूल. कडे इतके सरळ, की काही ठिकाणी पहिली पाय ठेवण्यापुरती जागा करण्यासाठी माणसांना वरून दोरांनी खाली सोडावे लागे. दोराला लटकलेला माणूस एका हाताने तोल सांभाळी आणि खडकात सुरुंगाचे भोक पाडी. ऐन भरात या कामावर ४२,००० माणसे होती. पहिल्या कंत्राटदाराच्या काळात मजुरीवरून असंतोष माजून १८५९ साली दंगल झाली. त्यानंतर सॉलोमन ट्रेडवेल यांनी कंत्राट घेतले. परंतु भारतात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत ते वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट सोडले नाही. दोन अनुभवी अभियंत्यांना हाताशी धरून त्यांनी ते तडीस नेले.

घाट पुरा झाला, तरी कथा पुरी झाली नाही. १९ जुलै १८६७ रोजी या मार्गावरील माऊकी मळी येथील कमानी पूल कोसळला. बांधून अवघी काही वर्षे झाली होती. घाईने उरकलेले दगडकाम आपले देणे उशिरा का होईना वसूल करते, हे त्या प्रसंगाने सर्वांना दाखवले. या कामाच्या कागदपत्रांत अभियंत्यांची नावे आहेत, कंत्राटदारांची आहेत, बोगद्यांची लांबी फुटांत आहे. दोराला लटकून सुरुंगाचे पहिले भोक पाडणाऱ्याचे नाव मात्र त्यात शोधून सापडत नाही.

बोरघाटानंतर वीस-पंचवीस वर्षांनी त्याच रेल्वेने मुंबईत आपले मुख्य स्थानक बांधले. १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार ते उभे राहिले; आज त्याला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात. रावसाहेब सीताराम खंडेराव हे त्या कामावर सहायक अभियंता होते. या इमारतीचा दगडी घुमट खालून लाकडी आधार न देता बांधला गेला आणि त्या काळी ते मोठे नवल मानले गेले. सामान्यतः कमान किंवा घुमट बांधताना खाली लाकडाचा साचा उभारतात. शेवटचा दगड बसून चुना धरेपर्यंत सारा भार त्या साच्यावर असतो. येथे दगडी फासळ्या एकमेकींत अशा गुंतवल्या, की प्रत्येक थर पुरा होताच तो स्वतःला सावरू लागे. कैलासाच्या कारागिरांनी जे खडक कोरून साधले, ते येथे दगड सांधून साधले. दोन्ही ठिकाणी तात्पुरत्या आधाराचा विचार मूळ आराखड्यातच झाला होता.

रामाकोन्याच्या मुलखात रेल्वे आली, ती या साऱ्या अनुभवानंतर. सातपुड्यातल्या नद्यांचा स्वभाव वेगळा. उन्हाळ्यात पात्रात वाळू आणि खडक उघडे पडतात. मृगानंतर डोंगरात पाऊस झाला, की काही तासांत तेच पात्र दुथडी भरते. अशा नदीत खांब बांधायचे, तर दसऱ्यानंतर पाणी ओसरल्यावर कामाला हात घालायचा आणि पावसाआधी पात्रातली परांची काढून घ्यायची, हा सर्वत्र पाळला जाणारा नेम आहे. राहिलेले चार दिवसांचे काम उरकून घेऊ, या मोहाने जो परांची पात्रात ठेवतो, त्याला पुरात वाहून येणारी झाडे धडा देतात. वाळूवर टेकलेल्या बल्लीचा आणखी एक धोका असतो. वरून सारे ताठ दिसते. खाली पाण्याने वाळू सरकलेली असते. म्हणून जाणता मिस्त्री परांचीवर चढण्याआधी मान वर करत नाही. तो प्रथम खाली वाकून बल्लीचा पाय पाहतो.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जगभर परांची म्हणजे लाकूड आणि दोर. इंग्लंडात पामर-जोन्स नावाच्या बंधूंनी दोराऐवजी साखळी व खिळीची पकड काढली. १९१३ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या दर्शनी भागाच्या कामात तिचा वापर झाल्याने तिचे नाव झाले. १९१९ साली त्यांनी लोखंडी नळ्या काटकोनात घट्ट धरणारा जोड प्रचारात आणला. त्यामुळे नळ्या ठरावीक मापाच्या, जोड ठरावीक बळाचा आणि म्हणून परांचीचा हिशेब कागदावर करता येईल, अशी स्थिती प्रथमच आली. लाकडाच्या परांचीचे बळ बांधणाऱ्याच्या हातात होते. लोखंडाच्या परांचीचे बळ मोजता येऊ लागले.

परंतु मोजता येते म्हणून मोजले जातेच, असे नाही. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे १९३३ ते १९३७ या काळात गोल्डन गेट पूल बांधला गेला. त्याच्या मुख्य अभियंत्याने कामगारांसाठी पुलाखाली मोठी जाळी टांगली होती. त्या काळी ही गोष्ट नवी होती. जाळीने एकोणीस माणसांचे प्राण वाचवले. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी मात्र पुलाखाली लटकणारी एक जड फिरती परांची सुटली आणि जाळी फाडून खाली गेली. तीवरील बारा माणसांपैकी दहा बुडाली. जाळी माणसासाठी योजलेली होती. परांचीच पडेल, हा विचार तिच्या मापात नव्हता.

त्याच देशात १९७८ साली विलो आयलंड येथे वीजकेंद्राचा एक मनोरा बांधला जात होता. तेथे परांची जमिनीपासून उभी केलेली नव्हती. मनोऱ्याच्या आधीच घातलेल्या काँक्रीटला ती धरून असे आणि मनोरा वाढेल तशी वर सरके. २७ एप्रिल रोजी आदल्या दिवशी घातलेले काँक्रीट पुरेसे घट्ट झाले नसताना त्यावर भार पडला. काँक्रीट सुटले आणि सारी परांची सोलून निघाल्यासारखी खाली आली. ५१ कामगार गेले. परांचीचे लोखंड उत्तम होते. ज्याला ती धरून होती, ते तयार आहे की नाही, हा प्रश्न मात्र त्या सकाळी कोणी पुरता विचारला नव्हता.

या घटनांमधून नियम जन्मले. भारतात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने बांधकामावर जखमी होणाऱ्याचा हक्क प्रथम मान्य केला. पण तो हक्क अपघातानंतरचा होता. १९३७ साली जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने इमारत बांधकामातील सुरक्षिततेविषयी करार केला, त्यात परांचीला आणि सामान चढवण्याच्या साधनांना मुख्य स्थान होते. स्वतंत्र भारतात मानक संस्थेने १९६४ साली लोखंडी परांचीचे आणि १९६६ साली परांची व शिड्यांच्या सुरक्षिततेचे मानक प्रसिद्ध केले. बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा व्हायला मात्र १९९६ साल उजाडावे लागले. त्याचे केंद्रीय नियम १९९८ साली आले. २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेत त्याच्या तरतुदी पुढे सामावून घेण्यात आल्या.

या नियमांची भाषा रुक्ष आहे. तिचा आशय मात्र एखाद्या वृद्ध गवंड्याने नातवाला सांगावा इतका साधा आहे. परांचीचा विचार पायापासून सुरू करावा. उभा खांब उघड्या मातीवर टेकवू नये. त्याखाली जाड फळी किंवा लोखंडी पाट द्यावा, म्हणजे भार पसरतो. खांब ओळंब्यात असावेत आणि त्यांना तिरक्या कैच्या असाव्यात, कारण उभ्या-आडव्या काठ्यांचा चौकोन कितीही घट्ट बांधला, तरी कलतो. त्रिकोण कलत नाही. परांची भिंतीला ठरावीक अंतरावर बांधलेली असावी, नाहीतर वारा आणि माणसांची हालचाल तिला भिंतीपासून दूर ढकलते. तिने अपेक्षित भाराच्या निदान चौपट भार पेलावा. टांगलेल्या परांचीच्या दोराला अमेरिकेचे नियम सहापट बळ मागतात. फळ्या सलग असाव्यात, त्यांचे टोक अधांतरी राहू नये. माणसाच्या कमरेच्या वर येईल असा कठडा असावा आणि पायाशी एक उभी फळी असावी, कारण वरच्याच्या पायाने ढकललेली वीट खालच्याच्या डोक्यावर पडते. शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर अशा उताराने टेकवावी आणि ती वरच्या फळीच्याही तीन फूट वर जावी, म्हणजे उतरताना हाताला धरायला काही राहते.

सामान चढवतानाही असेच. भाराचे वजन अंदाजाने न धरता काढावे. दोर, साखळी, आकडा रोज पाहावा. ज्याचा एक पीळ तुटला, तो दोर बाजूला काढावा. भाराखाली कोणी उभे राहू नये. आणि खूण देणारा माणूस एकच असावा. फोंतानाच्या तुतारीपासून आजच्या यारीजवळ उभ्या असलेल्या, हातात झेंडा किंवा शिटी घेतलेल्या माणसापर्यंत हा नियम बदललेला नाही.

या सर्वांवर एक नियम आहे आणि तोच सर्वांत जास्त मोडला जातो. परांची उभारून झाली, की जबाबदार जाणकाराने ती तपासावी, मगच तीवर माणूस चढावा. आणि वादळ, पाऊस किंवा कामातला फेरफार झाल्यावर ती पुन्हा तपासावी. घाई असते तेव्हा हाच नियम प्रथम सुटतो. इमारत शंभर वर्षे टिकायची म्हणून तिच्यावर अभियंत्याची सही असते. परांची तीन महिन्यांची, म्हणून ती कोणाच्याही हातून उभी राहते. परंतु त्या तीन महिन्यांत माणूस इमारतीवर उभा नसतो, परांचीवर उभा असतो. मुदत थोडी म्हणून काळजी थोडी, हा हिशेब येथे चुकतो.

महाराष्ट्राने याची किंमत अलीकडेच मोजली. १ ऑगस्ट २०२३ रोजी, मध्यरात्रीनंतर, ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असता, तुळव्या चढवणारे प्रचंड यंत्र खाली आले. वीस माणसे गेली. पूल उभा करण्यासाठी काही काळापुरते उभे केलेले साधन पडले आणि पुलावरून कधीही न जाणारी माणसे त्याखाली सापडली.

मोठ्या कामांची निदान चौकशी होते, वर्तमानपत्रात बातमी येते. रामाकोन्यासारख्या गावात परांची उभी राहते ती एखाद्या शेतकऱ्याच्या दोन मजली घरासाठी, शाळेच्या खोलीसाठी, मंदिराच्या शिखरासाठी. १९९६ चा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता आणि दहा लाखांपर्यंत खर्चाचे स्वतःचे राहते घर बांधणाऱ्याला त्यातून वगळले होते. अशा लहान कामावर निरीक्षक फिरकत नाही. तेथे बांबू शेजाऱ्याकडून मागून आणलेला असतो, काथ्या गेल्या वर्षीचा असतो आणि फळी म्हणून जुन्या दाराचे पाखे टाकलेले असते. याच गावांतून शेतीचा हंगाम सरला, की माणसे नागपूरकडे कामाला जातात आणि तेथल्या आठव्या-दहाव्या मजल्याच्या परांचीवर चढतात. घरच्या परांचीवर लागलेली सवय ते बरोबर नेतात. म्हणून कायद्याची हद्द जेथे संपते, तेथे गावच्या मिस्त्रीची जबाबदारी सुरू होते आणि घरमालकाचीही. नवा काथ्या घ्यायला दोनशे रुपये लागतात म्हणून जुन्यावर भागवणारा घरमालक वास्तुशांतीला गावजेवण घालतो, हे अजून पुष्कळ ठिकाणी दिसते.

अलीकडे काही ठिकाणी एक चांगली प्रथा पडते आहे. परांचीच्या पायथ्याशी एक पाटी टांगतात. हिरवी असेल तर तपासलेली, चढण्यास योग्य. लाल असेल तर अपुरी, चढू नये. पाटीवर तपासणाऱ्याचे नाव आणि तारीख असते. यात यंत्र नाही, खर्च नाही. एक पत्र्याचा तुकडा आणि थोडा रंग लागतो. पण जुन्या भिंतींच्या भोकांतून आणि बोरघाटाच्या दोरांतून जे कधी वाचता आले नाही, ते त्या पाटीवर वाचता येते: ही परांची कोणाच्या भरवशावर उभी आहे. काम संपल्यावर परांची उतरेल आणि पाटीही उतरेल. तोवर तीवर चढलेला प्रत्येक माणूस संध्याकाळी आपल्या पायांनी खाली उतरला, तर तिचे काम झाले.